आत्याचा पोटाचा, अक्काचा छातीचा. मग माझं काय?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर ताई. माझं वय ३३. माहेर खानापूर तालुक्यात, सासर बेळगावात वडगावला. घरचे चार पॉवरलूम आहेत. दोन मुलं, थोरली मुलगी नऊ वर्षांची. माझ्या अक्काला गेल्या महिन्यात स्तनाचा कॅन्सर निघाला. तिचं वय ३७. रिपोर्टवर 'ट्रिपल निगेटिव्ह' लिहिलंय, केमो सुरू झालाय. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच. ती तीन वर्षांपूर्वी ५२ व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. सगळे म्हणतात, आईच्या घराण्यात कुणाला नाही, आणि आत्याचा पोटाचा होता, त्याचा ह्याच्याशी काय संबंध? मी एका दवाखान्यात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून घ्यायला गेले तर 'वय लहान आहे, चाळिशी झाली की या' म्हणून परत पाठवलं. मला गाठ-बीठ काही लागत नाही. धाकटी बहीण २४ ची आहे. तिचं आत्याच्या धाकट्या मुलाशीच ठरत आलंय, म्हणून घरात हा विषयच काढायचा नाही असं चाललंय. बाबांनी तर बोलणंच सोडलंय. मी काय करू?
– वडगावची एक सून

उत्तर: तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी कोरा कागद घेतला आणि तुमच्या घराण्याची वंशावळ काढली. आम्हा डॉक्टरांची त्याची एक रीत असते. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, आणि ज्याला आजार झाला त्याचं चिन्ह काळं करायचं. आत्याचा गोल काळा केला, अक्काचा काळा केला. या दोन गोलांना जोडणारी रेघ एका रिकाम्या चौकोनातून जाते. तो चौकोन तुमच्या बाबांचा.

तेव्हा 'आईच्या घराण्यात कुणाला नाही' या बोलण्यावर एक दिवसही विसंबू नका. स्तनाचा कॅन्सर बायकांचा, म्हणून तो आईकडूनच यायचा, हा समज मी खानापूरपासून निपाणीपर्यंत ऐकत आले आहे, शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ अशी दोन जनुकं आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतात, पुरुषांच्याही. पेशीतल्या डीएनएची मोडतोड झाली की ती सांधायचं काम त्यांच्याकडे असतं. तुमच्या मागावर सूत तुटलं की ते सांधणारा हात लागतो, तसंच हे. जन्मतःच त्यात बिघाड असेल तर सांधणं नीट होत नाही, आणि पुढं वर्षानुवर्षांत स्तनात किंवा अंडाशयात कॅन्सर होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. बिघाड एकच, पण तो दोन ठिकाणी डोकं वर काढतो. आत्याचा पोटाचा आणि अक्काचा छातीचा यांचा संबंध असा असू शकतो. हा बिघाड आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, प्रत्येक लेकराला निम्म्या शक्यतेनं. पुरुष तो अंगात घेऊन सत्तर वर्षं ठणठणीत जगू शकतो आणि नकळत लेकीच्या पदरात घालू शकतो.

आता घाबरवण्यासाठी नाही, मोजमाप कळावं म्हणून आकडे सांगते. स्तनाच्या सगळ्या कॅन्सरांत असे आनुवंशिक पाच ते दहा टक्केच असतात. भारतात साधारण २८ बायकांमागे एकीला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या बायकांचा पाठपुरावा करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मात्र ऐंशी वर्षांपर्यंत १०० पैकी सुमारे ७० जणींना स्तनाचा आणि ४० हून अधिक जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो असं दिसलं. तुमच्या घरात तो बिघाड आहेच असं मी म्हणत नाही. पण कमी वय, ट्रिपल निगेटिव्ह गाठ (म्हणजे जिच्यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तिन्ही खुणा सापडत नाहीत अशी) आणि त्याच रक्ताच्या नात्यात अंडाशयाचा कॅन्सर, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की या जनुकांच्या तपासणीचा विचार करायलाच हवा.

आणि ही तपासणी आधी तुमची नाही, अक्काची. हे नीट लक्षात घ्या, कारण बऱ्याच घरांत इथंच चुकतं. घाबरलेली धाकटी बहीण धावत जाऊन स्वतःचं रक्त देते, निकाल 'काही सापडलं नाही' असा येतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण घरात नक्की काय शोधायचं हेच माहीत नसेल तर त्या 'नाही'ला फारसा अर्थ नसतो. आजार अक्काला झालाय, म्हणून उत्तर मिळालं तर तिच्याच रक्तात मिळेल. तिच्यात ठरावीक बिघाड सापडला की तुमच्यात नेमका तेवढाच शोधायचा. ती तपासणी सोपी असते आणि स्वस्तही. तिच्यात आहे आणि तुमच्यात नाही असं निघालं, तर तुमचा धोका जवळजवळ चारचौघींइतकाच, आणि मग पुढचं बरंचसं पत्र तुमच्यासाठी नाही. दोघींत निघालं तर निदान वाट कळली. अक्कामध्ये काहीच सापडलं नाही, तरी ३७ व्या वर्षी सख्ख्या बहिणीला आजार झाला ही गोष्ट राहतेच, तुमची वार्षिक तपासणी चालूच ठेवायची. कधी कधी रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असा बदल लिहून येतो. त्याच्या जोरावर कुणीही अवयव काढायचा सल्ला दिला तर ऐकू नका. अशा बदलाला बिघाड म्हणत नाहीत.

अक्काला हे ओझं वाटेल, 'मी आजारी, आणि वर तुमच्यासाठी रक्त देऊ?' असं तिच्या मनात येईल. तिला सांगा की पहिला फायदा तिचाच आहे. बिघाड सापडला तर ऑपरेशन कसं करायचं, दुसऱ्या स्तनाचं काय, हे ठरवायला तिच्या डॉक्टरांना मदत होते, आणि काही रुग्णांना पुढे ओलापॅरिब नावाच्या, अशा बिघाडाच्या कॅन्सरवर चालणाऱ्या गोळ्या देता येतात. केमो चालू असतानाही नमुना देता येतो. साधं रक्तच काढतात, बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवतात, निकालाला काही आठवडे लागतात. त्याआधी आणि नंतर जनुकीय समुपदेशन करून घ्यायला हवं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं स्वतंत्र क्लिनिक आहे; अक्काचे डॉक्टर चिठ्ठी देतील.

तो निकाल येईपर्यंत तुम्ही मात्र थांबायचं नाही.

ज्यांनी तुम्हाला चाळिशीनंतर या म्हटलं, त्यांनी चारचौघींचा नियम सांगितला. तो त्यांच्यासाठी बरोबर आहे. तरुण वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीच्या फिल्मवर सगळंच पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच, म्हणून धोका नसलेल्या मुलीला उगीच त्या यंत्राखाली घालत नाहीत. पण ज्या घरात तरुणपणी कॅन्सर झालाय, तिथला हिशोब वेगळा. सर्वांत लहान वयात आजार झालेल्या जवळच्या नातलगाचं वय घ्यायचं, त्यातून दहा वर्षं वजा करायची, आणि तिथून तपासणी धरायची. मॅमोग्राफी मात्र तिशीच्या आधी सहसा नाही. अक्काचे ३७ वजा दहा म्हणजे २७. तुम्ही ३३ च्या. तुमची वेळ होऊन गेली आहे. पुढच्या वेळी खिडकीवर 'मॅमोग्राफी करायची' एवढंच म्हणू नका. 'सख्ख्या बहिणीला ३७ व्या वर्षी ट्रिपल निगेटिव्ह, सख्खी आत्या ५२ व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली' हे एका कागदावर लिहून घेऊन जा, अक्काच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडा, आणि थेट कॅन्सरच्या सर्जनना किंवा स्तनरोगाच्या ओपीडीत दाखवा. बेळगावात सिव्हिल आहे, नेहरूनगरला केएलईचं इस्पितळ आहे, तिथल्या नव्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते जानेवारी २०२५ मध्ये झालं. हुबळी आणि कोल्हापूरही लांब नाहीत. पूर्वी यासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागे. आता सुरुवात तरी घराजवळ होते.

तुमच्यासारख्या बाईची तपासणी अशी चालते: दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांच्या हातानं तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राफी, आणि धोका पक्का ठरला तर वर्षातून एकदा स्तनांचा एमआरआय. बिघाड सापडलेल्या मुलींचा एमआरआय २५ व्या वर्षापासून सुरू करतात, तिशीनंतर त्याला मॅमोग्राफीची जोड देतात.

मॅमोग्राफीची बायकांना भारी धास्ती असते, म्हणून ती कशी असते ते सांगते. मी स्वतः दर वर्षी करून घेते. पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात जा, तेव्हा छाती कमी हुळहुळी असते. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ काही लावायचं नाही, फिल्मवर त्याचे ठिपके उमटतात. साडी किंवा दोन भागांचा ड्रेस घाला, कमरेवरचंच काढावं लागतं. आत बाईच असते, नसेल तर तशी मागणी करा. यंत्राची पाटी थंडगार असते. ती बाई स्तन त्यावर ठेवते, वरून दुसरी पारदर्शक पाटी खाली येते आणि दाबते. दाब लागतो, खोटं कशाला बोलू, पण काही सेकंदच. 'श्वास रोखा' म्हणते, टिक् असा आवाज होतो, पाटी वर जाते. प्रत्येक बाजूच्या दोन, अशा चार फिल्म. वीस मिनिटांत तुम्ही पदर सारखा करून बाहेर असता.

एमआरआयला क्ष-किरण नसतात. पालथं झोपायचं, छातीसाठी खाली दोन खळगे असतात. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देतात, त्याआधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही आणि यंत्र सतत खडखडतं. चार मागांच्या घरात झोपणाऱ्या बाईला त्या आवाजाचं काय! पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात तारीख घ्या, आणि तिथं 'ब्रेस्ट कॉइल', म्हणजे ते खळग्यांचं स्तनांसाठीचं खास साधन, आहे का हे आधीच फोन करून विचारा. नुसतं एमआरआयचं यंत्र असून भागत नाही. एमआरआय फार बारीक बघतो, त्यामुळे पहिल्या वेळी काहीतरी ठिपका दिसणं आणि शेवटी तो निरुपद्रवी निघणं हेही घडतं. खर्च मॅमोग्राफीच्या कितीतरी पट आहे. तो झेपत नसेल तर वर्षाला मॅमोग्राफी, सोबत सोनोग्राफी आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांचा हात, एवढं तरी नेमानं करा. एमआरआय जमत नाही म्हणून सगळंच सोडून देणारी बाई मला सर्वांत जास्त काळजीत टाकते.

पैशांचं आलंच आहे तर सांगते. सरकारी आरोग्य योजना मुख्यतः उपचारासाठी असतात. गाठ नसताना केलेली तपासणी त्यात बसेल असं धरून चालू नका. अक्काच्या उपचारासाठी आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशी करा. महाराष्ट्र सरकारनंही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना जाहीर केली होती. तिच्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला, म्हणून तुमचं गाव आणि ते इस्पितळ आज त्यात आहे का, हे दाखल होण्याआधी विचारून घ्या. फॉर्म कन्नडमध्ये असला तर लाजू नका, आशाताईंना बरोबर न्या. त्या तीस वर्षांवरच्या बायकांची नोंद घेतात, आणि केंद्राच्या कार्यक्रमात दर पाच वर्षांनी स्तनाची तपासणी सांगितलेली आहे. तुम्हाला मात्र पाच वर्षांनी चालणार नाही.

हाताच्या तपासणीला कुणी कमी लेखू नये. टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर अभ्यास सुरू केला. शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरोघरच्या बायकांची छाती हातानं तपासत. २०२१ मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनकॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून तुमच्या वयाला, तुमच्या धोक्याला, हातासोबत यंत्र हवंच.

स्वतःची छाती स्वतः ओळखून असावं, एवढं खरं. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं, तीन बोटं आडवी ठेवून, गळ्याच्या हाडापासून खाली आणि काखेत आतपर्यंत. आधी नव्हतं असं काही लागलं, कातडीला खळी पडली, संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, तर तारखेची वाट न बघता दाखवायचं. पण तुम्हाला गाठ लागत नाही म्हणून काही नाही असं समजू नका. बोटाला लागण्याआधी सापडावी यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या कॅन्सरच्या १०० पैकी ९० हून अधिक बायका पाच वर्षांनंतरही हयात असतात.

माझ्याकडे एक बाई आली होती, गाठ लिंबाएवढी. आठ महिने पदराखाली ठेवली होती. मी विचारलं, का हो? म्हणाली, "दुखत न्हाई की, मग कशाला दाखवूचं?" त्या वाक्यानं या भागात किती बायका नेल्या असतील! सुरुवातीला कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच दाखवायची.

रिपोर्टवर 'बायरॅड्स' आणि एक आकडा असतो. शून्य म्हणजे अजून फिल्म किंवा सोनोग्राफी हवी. कॅन्सर निघाला असं नव्हे. एक-दोन ठीक. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, आणि ते सहा महिने पाळायचे. चार-पाचला सुईनं तुकडा काढून तपासतात. 'सुई लावली की पसरतो' म्हणून घरी बसवणारे पुष्कळ भेटतील. सुईनं पसरत नाही. सगळ्या फिल्म आणि सीडी एका पिशवीत तारीखवार ठेवा. पुढच्या वर्षी डॉक्टर जुनी फिल्म शेजारी लावून बघतात, आणि बदल तिथंच कळतो.

अंडाशयाचं मात्र मला वेगळं सांगावं लागतं. स्तनासारखी भरवशाची तपासणी त्याला नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ची रक्ततपासणी करून बघितली, ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर अभ्यास झाला, मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून बीआरसीए-१ चा बिघाड पक्का निघाला आणि मुलं झालेली असली, तर ३५ ते ४० च्या दरम्यान दोन्ही अंडाशय आणि नळ्या काढायचा सल्ला देतात. आपल्याकडे 'पिशवी काढली म्हणजे सुटले' असं बायका म्हणतात. नुसती पिशवी काढून हा धोका जात नाही, अंडाशय तिथंच असतात. आणि निकाल येण्याआधी कुणी पिशवी काढून टाका म्हणालं तर मुळीच ऐकू नका. स्तन आधीच काढून टाकणं किंवा टॅमॉक्सिफेनच्या (हार्मोनचा परिणाम अडवणाऱ्या) गोळ्या, हेही मार्ग आहेत. स्तन काढण्याच्या ऑपरेशननं स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त कमी होतो. पण तो विचार निकाल हातात आल्यावर, सावकाश, तुमचा तुम्ही करायचा.

आता जो विषय घरात काढायचा नाही, त्याकडे येते. कागदावर आत्याच्या गोलातून एक रेघ खाली तुमच्या नवऱ्याकडे येते आणि दुसरी त्याच्या धाकट्या भावाकडे. बिघाड असेलच, तर तो त्या दोघांतही निम्म्या शक्यतेनं असू शकतो. आत्याच्या घरी मुलगी देणं आपल्याकडे चालत आलंय, मी त्याला नावं ठेवत नाही. पण नवरा-बायको दोघांत एकच बिघाड असेल, तर प्रत्येक गर्भाला तो दोन्हीकडून यायची शक्यता चारात एक. असा गर्भ बहुधा टिकत नाही किंवा मूल फार गंभीर आजार घेऊन येतं. तुमची दोन्ही मुलं धडधाकट आहेत, त्यांच्यासाठी आज जीव टांगणीला लावू नका. थोरलीची तपासणी ती सज्ञान झाल्यावर, तिच्या मर्जीनं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरवणं मात्र अक्काचा निकाल येईपर्यंत थांबवा. चार-सहा आठवड्यांनी सुपारी फुटली तर काही बिघडत नाही. निकालात काही निघालं तर ती आणि तो मुलगा, दोघांनी समुपदेशकांसमोर बसावं आणि काय ते ठरवावं. गावभर सांगायची गरज नाही. पण ज्या दोघांना संसार करायचा आहे त्यांच्यापासून लपवणं मला मान्य नाही.

पुरुषांनीही कान द्यावा. बिघाड असलेल्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, प्रोस्टेटचाही. तुमच्या नवऱ्यानं छातीत गाठ लागली तर 'बाईचा आजार' म्हणून गप्प बसू नये.

आणि बाबा. ते का बोलत नाहीत याचा अंदाज मला आहे. बहीण गेली, लेक आजारी, आणि कुणीतरी त्यांच्यादेखत 'तुमच्या रक्तातून आलं' असं म्हटलं असेल, किंवा न म्हणताच त्यांना ते कळलं असेल. त्यांना जवळ घेऊन बसा. सांगा की हे त्यांनी दिलेलं नाही, त्यांनाही कुणाकडून तरी आलं असेल, आणि त्या कुणालाही ते माहीत नव्हतं. मग त्यांच्याकडून वंशावळ लिहून घ्या: त्यांची आई कशानं गेली, आजी कशानं, पोटात पाणी होऊन कोण गेलं. हे फक्त त्यांनाच आठवणार. त्यांना भाऊ असतील तर त्या भावांच्या लेकींनाही हे कळायला हवं. अक्काचा निकाल आला की काकांना तो फोन बाबांनाच करू द्या.